कॅमेऱ्याच्या आड

मुलाला फीट येऊ नये म्हणून आया देव पाण्यात घालून बसतात. आमच्या वॉर्डात ती यावी म्हणून बसतात. गोळ्या कमी करायच्या, डोक्याला वायरी चिकटवायच्या, कॅमेरा लावायचा आणि वाट बघायची. काचेपलीकडे बसून ती फीट टिपायची, हे माझं काम. अठरा वर्षं झाली, तरी त्या वाट बघण्याची मला अजून भीती वाटते.

सात वर्षांच्या एका पोरीचं तोंड सतत चालू, म्हणून तिला आम्ही टकळी म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने मला मावशी करून टाकलं. डॉक्टरांच्या टकलावर वायरी चिकटतील का, ही तिची मोठी काळजी. पाच औषधांनी हात टेकले होते. मागच्या महिन्यात फीटमध्ये श्वास थांबला होता. ऑपरेशन केलं नाही तर एखादी फीट जीव घेईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण मेंदूच्या कुठल्या बाजूचं? आई छातीठोकपणे सांगायची, आधी डावा हात उडतो. म्हणजे मेंदूची विरुद्ध, उजवी बाजू. तिथे सहसा बोलण्याला धक्का लागत नाही, हे ऐकून ती निर्धास्त होती.

वायरींतून उमटणाऱ्या आलेखात मात्र नुसता गोंधळ. आणि तीन फीटच्या चित्रणात दिसली ती आईची पाठ. फीट येताच ती झेपावून लेकीचा उजवा हात छातीशी घट्ट धरायची. मी तिला फैलावर घेतलं. सवय आहे हो, ती म्हणाली. तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. धरून ठेवलेला हात उडताना दिसणार कसा?

चौथ्या वेळी मी खोलीतच होते. दुपार होती. टकळी बोलता बोलता अर्ध्या शब्दावर थांबली. आई झेपावली, तिला मी दंडाला धरून मागे ओढलं. पांघरूण काढलं. आधी उजवा अंगठा हलला, मग मनगट, मग खांदा. डावा हात कितीतरी वेळ स्वस्थ पडून होता. म्हणजे मेंदूची डावी बाजू.

फीट थांबल्यावर मी नियमाप्रमाणे पेन पुढे धरून विचारलं, हे काय आहे. एरवी आईच उत्तर देऊन मोकळी व्हायची, दमलीये ती म्हणून. आज मी तिला गप्प केलं. टकळीने पेनाकडे नीट पाहिलं. ओठ हलले, शब्द नाही. दोन मिनिटं गेली. मग डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरवून तिने लिहिल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने बोलेल, मी म्हणाले. बोलण्याची जागा त्याच बाजूला असली की असं होतं, हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. पण आई काही खुळी नव्हती.

"ऑपरेशननंतर कायमची अशीच राहील?"

"राहू शकते."

तिने लेकीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मुकी झाली तरी चालेल मला. जगू दे."

टकळीने ते ऐकलं. तिला सगळं कळत होतं, तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं. विचारायला मात्र तिच्याकडे एकही शब्द नव्हता.