ज्वारीच्या डब्याखाली

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. माझं एक शिंग मोडलंय, दिवे विझलेत आणि केज गावातल्या एका घराच्या माळ्यावर मी अंधारात पडून आहे. पण एके काळी या घराचं बोलणं माझ्यातूनच जायचं बरं!

दोन हजार सातच्या सुमारास केदारनाथनं मला पुण्याहून आणलं. खाली त्याच्या वडिलांचं, संगमेश्वरअप्पांचं, भांड्यांचं दुकान आणि वर घर. दुकानात बसायचं सोडून पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, म्हणून अप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. निदान आई तरी रोज दिसावी म्हणून केदारनाथनं तिला लॅपटॉप घेऊन दिला. मुजाहिद मेकॅनिकनं मला वर बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि जिन्याच्या कडेनं वायर ठोकत खाली दुकानातल्या संगणकापर्यंत नेली. स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपला मात्र वायर नव्हती; तिथं मी हवेतून पोचायचो. शिवगंगाबाई भाकरी थापता थापता लेकाशी बोलायच्या आणि माझे हिरवे दिवे खुशीत लुकलुकायचे.

महाशिवरात्रीला मायलेकांनी परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जायचं ठरवलं होतं. ऐन वेळी केदारनाथला सुट्टी मिळाली नाही.

"मग आता तोंडच दाखवू नको मला!" बाई रागानं बोलून गेल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

त्याच सुमारास घरात उंदीर झाले. राग लेकावर, पण त्यानं आणलेल्या वस्तूवर केवढा जीव! बाईंनी ज्वारीचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्यावर उपडा घातला, वायरीपुरती फट ठेवली आणि म्हणाल्या, "बस आता निवांत."

कसलं निवांत! वायरीतून दुकानाचं काम चालू होतं, पण हवेतलं माझं बोलणं पत्र्याबाहेर पडेना. राग ओसरल्यावर बाई रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसायच्या. तो बिचारा मला शोधायचा. मी डब्याखालून ओरडायचो, "अहो, इथं आहे मी!" पण ऐकणार कोण?

"नेट बंद पडलंय का हो?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडं तर चालू हाय. पोरगंच बोलत नसंल," अप्पा म्हणाले.

बाईंनी फोनही केला नाही. आपणच तोंड दाखवू नको म्हटलं, आता कोणत्या तोंडानं बोलवायचं? आईच्या रागाला भिऊन लेकही फोन करायला धजेना. भिंतीच्या अलीकडे मी एकटा आणि पलीकडे त्या एकट्या. फार वाईट दिवस होते ते, मित्रांनो.

शेवटी बाईंनी मुजाहिदला बोलावलं. "घेऊन जा बाबा हा लॅपटॉप. मला न्हाई लागत आता."

"कावून काकू? लई भारी हाय की. राउटर कुठाय?"

"डब्याखाली. उंदरांपासून जपून ठिवलाय."

मुजाहिदनं कपाळाला हात लावला. "काकू, ह्यो भिंतीपलीकडं बोलतो, पर पत्र्यापुढं ह्याचं काय चालत न्हाई!" त्यानं डबा उचलला.

लॅपटॉपवर धडाधड निरोप येऊन पडले. 'आई, अजून रागावलीस का?' 'आई, बोल ना गं.' बाईंनी डोळ्यांना पदर लावला. केदारनाथ दिसला तेव्हा त्यांना एवढंच विचारता आलं, "जेवलास का रे?"

डबा काही पुन्हा माझ्यावर आला नाही. उंदरांचं फावलं. त्यांनी दुकानाची वायर अगदी माझ्या बुडाशी कुरतडली आणि अप्पा तणतणत वर आले. "डबा कावून काढला?"

"कुरतडू द्या उंदरांना. नेट इथं लागतंय, बसा." बाईंनी लॅपटॉपपुढं पाट सरकवला.

पडद्यावर केदारनाथ होता. अप्पा घुटमळले, मग बसले. घसा खाकरत म्हणाले, "बारीक झालास की रे." त्या दिवशी माझे दिवे कसे लुकलुकले म्हणून सांगू!

पुढं भिंतीवर नवा राउटर आला आणि मी माळ्यावर गेलो. तेही त्याच ज्वारीच्या डब्यात, वर झाकण लावून. बाईंनी मायेनंच ठेवलंय, ठाऊक आहे मला. पण इथून कुणालाच हाक जात नाही. मित्रांनो, वस्तू जपा, माणसंही जपा, पण जपता जपता झाकून टाकू नका. आणि आपल्या माणसाची हाक येईनाशी झाली, तर रुसून बसण्याआधी एकदा डबा उचलून बघा.