उंगरचा शब्द

कॉर्नेलियस उंगरच्या शब्दावर लिंडेनटाल गावात घोडे विकले जायचे. घेणारा घोड्याचं तोंड उघडून दात बघायचा नाही. उंगर पाच वर्षांचा म्हणाला की घोडा पाच वर्षांचा, विषय संपला. शपथ मात्र त्यानं जन्मात घेतली नव्हती, कारण त्यांच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळीत शपथ घेणं हेच पाप. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही. त्यावर जो आणखी देवाची साक्ष काढतो, त्याचं आधीचं बोलणं तेवढंसं खरं नसणार, असा त्यांचा सरळ हिशोब. उंगर सहा दिवस शेती करायचा आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश द्यायचा, तोही बिनपगारी. पंचेचाळीस वर्षांचा, उंच, जरासा वाकलेला आणि, खरं सांगायचं तर, सोबतीला थोडा जड माणूस.

आणि अशा माणसाचा मुलगा फौजेत भरती व्हायला निघाला होता! जी मंडळी चारशे वर्षं हातात हत्यार धरत नाही, त्याच एका हट्टापायी देशामागून देश सोडत शेवटी कॅनडाच्या या सपाट मुलखात येऊन पडली, तिच्या उपदेशकाच्या घरात हे चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं.

डीड्रिकचं कारण साधं होतं. पलीकडच्या शेतावरचा आर्ची मॅकलीन ऑगस्टात फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेला. याच आर्चीनं त्याला बर्फावर घसरायला शिकवलं होतं, इंग्रजीतल्या शिव्याही त्यानंच शिकवल्या होत्या. आता आर्चीची आई दुकानात डीड्रिकला बघून पाठ फिरवायची. सप्टेंबरात चर्चच्या दारावर कुणीतरी पिवळा रंग फासला, भित्र्यांचा रंग म्हणून. डीड्रिकनं तो दिवसभर बसून खरवडून काढला आणि जेवायला बसल्यावर बापाला म्हणाला, "मी जाणार."

पुढचे पाच आठवडे त्या घरात धड कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. बाप समजावत होता, पोरगा उलट बोलत होता, आणि आई आगानेथा दोघांच्या मधे सूप वाढत होती. एकदा मात्र डीड्रिकच्या तोंडून नको ते निघालंच.

"तुम्ही हत्यार धरलं नाहीत, खोटंही बोलला नाहीत. आणि काका मेला. माझं नाव त्याचंच ठेवलंत ना पापा? मग त्याच्याबद्दल सांगा की काहीतरी!"

उंगर भरल्या ताटावरून उठला आणि गोठ्यात गेला.

ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. सगळे रशियात होते तेव्हाची. १९१९ साली लुटारू अंगणात शिरले. त्यांच्या म्होरक्यानं उंगरच्याच बापाचा केसाळ कोट अंगात चढवला होता. त्यानं बावीस वर्षांच्या कॉर्नेलियसला विचारलं, "तुझा भाऊ कुठंय?" आणि कॉर्नेलियस म्हणाला, "गंजीत." धाकट्या डीड्रिकला त्यांनी गंजीतून ओढून काढलं आणि विहिरीपाशी गोळी घातली. मंडळीतली जुनी माणसं ही गोष्ट खालच्या आवाजात सांगायची, श्रद्धा असावी तर अशी, म्हणून. उंगरला त्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही, आणि त्यानंही कधी तो विषय काढला नाही.

भरतीच्या कचेरीत डीड्रिकचं घोडं अडलं ते वयावर. अठरा पूर्ण हवी होती. त्याची झालीही होती, पण जन्म रशियातला आणि कागद सगळे एकतीस साली इथल्या जुन्या घराबरोबर जळून गेलेले. तिथला सार्जंट कॉबर्न म्हणाला, "तुझ्या बापाला घेऊन ये. तुमच्यातली पोरं येतात, अठरा म्हणून सांगतात, आणि तिसऱ्या दिवशी आया येऊन माझ्या टेबलावर रडतात."

डीड्रिकनं घरी येऊन बापासमोर उभं राहून सांगितलं, "सही नको, शपथ नको. नुसतं खरं सांगा. तेवढं तर तुम्ही कुणासाठीही करता."

उंगर म्हणाला, "विचारलं तर उत्तर देईन."

गुरुवारी सकाळी आगानेथानं एकावर एक बसवलेल्या दुमजली पावांचं गाठोडं गाडीत ठेवलं. घोडे हलणार तोच तिनं चाकाला हात लावला. "अहो," ती म्हणाली, "त्याला परत घेऊन या." सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याकडे कधी खोटं मागितलं नव्हतं. आजही तिनं तो शब्द उच्चारला नाही.

*

कचेरी धान्याच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर माडीवर होती. कॉबर्नचा एक पाय गुडघ्यात वाकत नसे, त्यामुळे तो टेबलाच्या कडेला टेकून बोलायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं उंगरला बसायला खुर्ची दिली, पण उंगर उभाच राहिला.

"एरवी शपथेवर लिहून घ्यावं लागतं," कॉबर्न म्हणाला. "पण तुम्हा मेनोनाइट लोकांना सूट आहे, नुसतं तोंडी सांगितलंत तरी चालतं. आणि तुमचं काय मिस्टर उंगर, तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं खालचा व्यापारी सांगत होता. डॉक्टरनं पोराला पास केलंय. छाती बघा की त्याची! एवढं वयाचं झालं की मी मोकळा, तोही मोकळा."

डीड्रिक भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं केस ओले करून चापून बसवले होते. बापाकडे तो बघतही नव्हता, इतका तो निर्धास्त होता. गेली अठरा वर्षं ज्या स्वभावावर तो चिडत आला, त्याच स्वभावावर आज त्यानं सगळा डाव लावला होता.

कॉबर्ननं पेन्सिल उचलली. "तर मग. ह्यानं अठरा पुरी केली का?"

खाली कुणीतरी पोती टाकत होतं. एक पोतं पडलं, मग दुसरं. उंगरला बूट दिसत होते, पट्टा दिसत होता, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबलेली पेन्सिल दिसत होती. हा माणूस अदबीनं विचारत होता, तो दुसरा खेकसला होता. त्या दुसऱ्याच्या अंगावर बापाचा कोट होता. पण प्रश्न तोच होता. डीड्रिक कुठंय, सांग. एक होय, फक्त एक होय म्हटलं, की पोरगा जाणार. एक तर मरणार, नाहीतर मारून येणार.

"मिस्टर उंगर?"

"नाही," उंगर म्हणाला. "सतरा."

डीड्रिकची पाठ भिंतीपासून सुटली.

कॉबर्ननं एक सुस्कारा टाकला आणि कागदावर आडवी रेघ मारली. त्याला दुसऱ्यांदा विचारावंसंही वाटलं नाही. उंगरच्या आजवरच्या सगळ्या खऱ्या बोलण्याची पुण्याई त्या एका रेघेत खर्ची पडली.

"असू दे पोरा," तो म्हणाला. "वर्षभरानं ये. लढाई काही एवढ्यात पळून जात नाही."

उंगर वाट बघत राहिला, की आता पोरगा ओरडेल, हा खोटं बोलतोय म्हणेल. डीड्रिकचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं टोपी उचलली आणि जिना उतरून गेला.

घोड्यांपाशी उंगरनं त्याला गाठलं. "आजच शिकलात होय खोटं बोलायला?" डीड्रिक म्हणाला. आवाज चिरकत होता. "आजच?"

"आजच."

"तेवीस वर्षं उशीर झाला, पापा!"

उंगर लगामाची गाठ सोडत होता आणि ती सुटत नव्हती. "तू का बोलला नाहीस वर?"

"काय बोलू? माझा बाप खोटारडा आहे, असं सांगू त्या परक्या माणसाला? जीभ वळली नाही माझी." त्यानं बापाच्या हातातून लगाम हिसकला, गाठ सोडली आणि गाडीत चढून बसला.

नऊ मैलांची वाट सरली आणि पावांचं गाठोडं न सोडता तसंच घरी परत आलं. गाडीत दोन डोकी बघून आगानेथा ओसरीच्या पायरीवर मटकन बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. काय झालं, ते तिनं विचारलं नाही.

*

नेमकं त्याच रविवारी प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर वाटून खायचा विधी. त्यांच्यात ते वर्षातून दोनदाच, आणि त्याचा नियम कडक. ज्याच्या मनात काही राहिलंय त्यानं भाकरीला हात लावायचा नाही. आधी जाऊन मिटवायचं, कबूल करायचं, मग यायचं. उंगरनं स्वतः हा नियम कितीतरी वेळा त्या व्यासपीठावरून सांगितला होता. पण आता कबूल करायचं म्हणजे दोनशे माणसांसमोर, आणि दोनशे माणसांत गेलेली गोष्ट सोमवारी दुपारपर्यंत धान्याच्या दुकानात पोहोचणार. मग वरच्या माडीवर. म्हणजे पोरगा घरात हवा असेल, तर बापानं हे पाप पोटात घेऊनच बसायचं होतं.

म्हाताऱ्या पेन्नरनं, मंडळीच्या प्रमुखानं, भाकर मोडली आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा उपदेशकांच्या बाकाकडे नेला. उंगरचे हात गुडघ्यांवरून उठले नाहीत. पेन्नरला वाटलं, ह्याचं लक्ष नाही. त्यानं तुकडा आणखी पुढे केला. उंगरनं नको म्हणून मान हलवली.

म्हाताऱ्याचा हात तसाच हवेत राहिला आणि मग शेजारच्या माणसाकडे वळला. बायकांच्या बाजूला आगानेथानं डोळे मिटून घेतले. नवरा खोटं बोलला, हे तिला तिथं कळलं. मागच्या बाकांवर, बाप्तिस्मा न झालेल्या पोरांच्यात, डीड्रिक बसला होता. ह्या माणसानं आपल्यासाठी काय दिलंय, ते त्याला त्या एका मान हलवण्यात दिसलं.

*

सोमवारी सकाळी उंगर बीट उपटायला निघाला, तर अंगणात घोडे जुंपलेले. डीड्रिक चांगला कोट घालून गाडीत बसला होता.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुम्हाला खरं बोलायचंय ना? मग चला."

उंगर चढला, कारण न चढण्यासाठी त्याच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. अर्धी वाट सरल्यावर डीड्रिकनं घोड्यांकडे बघतच विचारलं, "त्या दिवशी, काकाच्या वेळी, तुम्ही काही विचार केला होतात? बोलण्याआधी?"

आजवर हे कुणीही विचारलं नव्हतं. "नाही," उंगर म्हणाला. "लोकांना वाटतं मी देवाला स्मरून बोललो. कसलं काय! त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सवय होती. भाऊ होता रे माझा, आणि मी एक क्षणही थांबलो नाही."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी थांबलो."

डीड्रिकनं नाक पुसलं आणि लगाम उगीचच दुसऱ्या हातात घेतला.

कॉबर्न त्यांना बघून टेबलावरून उठलाच. उंगरनं टोपी काढली. "मी गुरुवारी खोटं बोललो. एकोणीस सप्टेंबरला ह्यानं अठरा पुरी केली."

सार्जंटनं आधी बापाकडे, मग पोराकडे पाहिलं. "कमाल आहे तुम्हा लोकांची," तो पुटपुटला. "शपथ घ्यायची नाही म्हणता, आणि..." पुढचं त्यानं गिळलं. रेघ मारलेला कागद बाजूला सारून त्यानं नवा काढला, भराभर भरला आणि पेन डीड्रिकपुढे धरला. "इथं. पूर्ण नाव."

डीड्रिकनं पेन घेतला. तो वाकला. उंगर खिडकीकडे बघत उभा राहिला, कारण तिकडे बघणं त्याला सोसणार नव्हतं. खाली पोती पडत होती. त्यानं सात पोती मोजली.

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आज नाही," डीड्रिक म्हणाला.

"अरे मग आलास कशाला?" कॉबर्न भडकला.

"ह्यांना खरं बोलायचं होतं," डीड्रिक म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलले, तर खरंही माझ्यासमोरच बोलायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर मॅकलीनांच्या कुंपणापाशी डीड्रिकनं गाडी सावकाश नेली. आर्चीची आई दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही. डीड्रिकनं तरी टोपी काढली आणि कुंपण संपेपर्यंत ती मांडीवर धरून ठेवली. उंगर हे सगळं बघत होता. पोराच्या त्या "आज नाही"मधला "आज" त्यालाही ऐकू आला होता.

"उद्या?" असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर पोरानं खरं सांगितलं असतं.