फाट्यापासून तीन किलोमीटर

आमची लेक साक्षी विमानाने येणार म्हटल्यावर माझ्या बायकोच्या, कांताच्या, घशाखाली तीन दिवस घास उतरेना. मी मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं होतं. पुणे ते नागपूर हवेतलं अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, वेळ एक तास वीस मिनिटं. रोज संध्याकाळी मी तिला हे आकडे ऐकवायचो, आणि रोज ती विचारायची, वर बंद पडलं तर थांबतं कुठे? मग मी चिडायचो.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी मिळून पोरीपासून लपवली. फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचा तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता जंगलातून येतो. गेल्या महिन्यात तिथेच वाघाने गावातल्या पत्रूच्या बायकोला नेलं. तेव्हापासून पाच-सहा मोटरसायकली जमल्या की हॉर्न वाजवत सगळे एकदम निघतात, तेही चारच्या आत. पण साक्षी दोन वर्षांनी येत होती. कळलं तर तिकीट रद्द करेल, ही आमची धास्ती. म्हणून तिला सांगितलं, माझी गाडी दुरुस्तीला आहे, पोचशील त्या रात्री वाटेत सिंदेवाहीला मावशीकडे थांब, सकाळी येतो.

दुपारी दीडला फोन आला, विमान उतरलं म्हणून. कांताने बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडले आणि तीन दिवसांनी पोटभर जेवली. मीही मोठा पराक्रम केल्यासारखा आडवा झालो.

सव्वापाचला साक्षीचा मेसेज वाजला. पाठवला होता साडेचारला, आमच्या रेंजने तो पाऊण तास अडकवून ठेवला. मावशीकडे थांबत नाही, जीपवाला फाट्यावर सोडतोय, गाडी नाही तर नाही, पायीच येते. फोन लावला तर लागेना.

"काऊन सांगतलं नाई तिले?" कांता एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जत्था जमवायला वेळ नव्हता. मी एकटाच निघालो, अंगठा हॉर्नवर दाबून. डिसेंबरातला दिवस, सागाखाली अंधारून आलं होतं. प्रत्येक वळणावर मी आधी रस्त्यावर तिची चप्पल शोधत होतो.

ओढ्यावरच्या रपट्याच्या अलीकडे ती दिसली. कानात गाणी, मागे चाकांची बॅग ओढत, मजेत.

"बाबा, विमानात लय भेव लागलं," ती हसत म्हणाली. "इथी पाय ठेवला तवा कुठी बरं वाटलं."

मी गाडी वळवायला दहा पावलं पुढे गेलो आणि लाइट धुळीवर पडला. बॅगेच्या चाकांच्या दोन रेघा लांबून येत होत्या. उजव्या रेघेवर पंज्याचा ठसा होता. त्यामागे आणखी एक, त्यामागे आणखी. शेवटचा माझ्या चाकाजवळ, आणि तिथून माग गवतात वळला होता.

वाघ मागून येतो. मी परत फिरलो, बॅग तिच्या हातातून हिसकून तिथेच टाकली.

"पुढं बस. टाकीवर."

"मी काई लहान आहो का?"

"बस म्हणतो ना."

ती माझ्या दोन हातांच्या मधे बसली, शाळेत नेताना बसायची तशी. माझी पाठ उघडी होती. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, हॉर्न काऊन दाबून राह्यले?"

अडकलाय म्हणणार होतो. म्हणालो नाही.

"पत्रूची बायको इथीच गेली, बाई. वाघानं नेली. आम्ही तुले सांगतलं नाई."

तिने कानातली गाणी काढली. मागे वळून पाहिलं नाही. माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि गाव येईपर्यंत हॉर्न दाबून धरला.