सातव्या पावलावरचा खुंटेराव

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. कोट, टोप्या आणि छत्र्या अडकवायचा. अंगाला सहा खुंट्या, खाली तीन पाय आणि मधोमध गरगरीत पोट. माझं वय विचारू नका. विचारलंत तर मी तीनशे वर्षं सांगेन आणि तुम्ही हसाल. चला, शंभर धरा. बरं, साठ. त्याच्या खाली मात्र मी एक दिवसही उतरणार नाही.

मित्रांनो, एका मोठ्या जहाजाच्या डोलकाठीतून माझा जन्म झाला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे एका सुताराकडे दाराच्या चौकटीतलं लाकूड उरलं होतं, त्यातून त्याने मला घडवलं. पण वादळ मी पाहिलंय, हे अगदी खरं! मला विकत घेतलं एका शिंप्याने. त्याच्या दुकानात एकदा असा वारा शिरला, की माझ्या अंगावरच्या सहाही कोटांत हवा भरली, आणि मी उडालो तो तीन गल्ल्या ओलांडून थेट न्हाव्याच्या दारात उतरलो. न्हाव्याने मला गिऱ्हाईक समजून खुर्ची पुढे केली. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो आता हयात नाही, हा काही माझा दोष नाही.

शिंपी मला 'खुंटेराव' म्हणायचा. कच्च्या शिलाईचे कोट माझ्या अंगावर चढवून चार पावलं मागे जायचा आणि विचारायचा, "काय खुंटेराव, खांद्यात ओढतोय का?" मी गप्प राहिलो, की त्याला वाटायचं, बेतलाय झकास. अशी तीस वर्षं आम्ही गावाचे कोट बेतले.

पुढे त्याची नजर मंदावली. दुकान बंद झालं आणि मी त्याच्याबरोबर घरी आलो. बोळासारख्या अरुंद वाटेवर, स्वयंपाकघराकडे वळतात तिथे मी उभा राहिलो. माझ्यावर रेनकोट, पिशव्या, जुने मफलर साचत गेले. मला कोणी पुसेना. शिंप्याची दोन मुलं आपापल्या घरी नांदत होती. ती त्याला बाबा म्हणत, म्हणून आता मीही बाबाच म्हणतो.

बाबांना शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. तेव्हा मोठा मुलगा, म्हणजे दादा, म्हणाला, "बाबा, आता पुरे. घर विकू या. तुम्ही माझ्याकडे चला."

"मी कुठेही येणार नाही," बाबा म्हणाले. "माझा चहा मी माझ्या हाताने करतो. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी ने मला उचलून."

"या अडगळीत पाय अडकून पडाल, मग?"

धाकटी मुलगी, बबडी, लोकांची घरं सजवून द्यायची. तोच तिचा धंदा. ती म्हणाली, "दादा, पंधरा दिवस बाबांना तुझ्याकडे ने. मी घर असं करते, की तूच म्हणशील इथेच राहा."

तिच्या कामाची एक रीत होती. आधी खोली रिकामी करायची, अगदी खिळासुद्धा ठेवायचा नाही. मग एकेक वस्तू आत आणायची. एक फार जुनी, एक मधल्या काळातली, एक आजची. मग दारात उभं राहून डोळे बारीक करायचे आणि रंग कुठे जड होतोय ते बघायचं.

तिने मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. मी असा चमकलो, की खिडकीतून सूर्य डोकावला आणि लाजून ढगाआड गेला. मग तिने मला बैठकीच्या कोपऱ्यात नेलं, डोक्यावर एकच गवती टोपी ठेवली आणि शेजारी नव्या घाटाचा पांढरा दिवा लावला. "खुंटेराव, आता ओझं वाहायचं नाही. नुसतं शोभायचं!" मी फुगलो. माझी जुनी जागा रिकामी आहे, हे मला दिसत होतं. पण कौतुकाची चव लागली की कोण बोलतं? मी बोललो नाही. तिथे तिने उंच निळी काचेची फुलदाणी ठेवली, जरा भिंतीकडे सरकवून.

बाबा परतले. दार उघडून एकटेच आत शिरले. एक, दोन, तीन... सातव्या पावलाला त्यांनी उजवा हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. ते चाचपडत पुढे झुकले आणि खळ्ळकन आवाज झाला.

लागलं काही नव्हतं. पण ते जमिनीवर बसून राहिले आणि हळूच म्हणाले, "बबडे, मी बरोबर घरात आलोय ना?"

दादा मागून धावला. "झालं! आता काही ऐकायचं नाही. उद्या सकाळी निघायचं."

बबडीचा चेहरा पडला. ती काचा वेचत म्हणाली, "मी किती सुंदर केलं होतं, बाबा."

"असेलच गं. तुझा हात आईवर गेलाय. पण पोरी, मी खुंटेरावांच्या पोटावर हात ठेवून वळतो. तेच नाहीत, तर वळू कुठे?"

बबडीने काचा केरात टाकल्या. मग तिने दादाकडे आठ दिवस मागितले. तो कुरकुरला, पण दिले.

या वेळी तिने आपल्या डोळ्यांवर मफलर बांधला आणि बाबांना सोबत घेतलं. वस्तू बाबांच्या हातात द्यायची आणि विचारायचं. गुळगुळीत नवी फुलदाणी त्यांनी परत केली. "हिच्या अंगावर बोटांशी बोलायला काही नाही." पितळेचा जुना गार तांब्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. शिलाई मशीनचं चाक पलंगाच्या उशाशी आलं. मातीच्या चकत्यांची नव्या पद्धतीची माळ खिडकीत लागली. खिडकी उघडी राहिली की ती किणकिणायची. पायाखाली खरखरीत चटई, ती संपली की न्हाणीघर आलं. आणि मी? मी माझ्या जागी. गवती टोपी मात्र मी ठेवून घेतली.

गंमत अशी, की मफलर सोडल्यावर बबडी दारात उभी राहिली आणि हसायला लागली. घर दिसायलाही छान झालं होतं.

रविवारी दादा आला. बाबांनी त्याला बसायला सांगितलं आणि चहा करायला निघाले. त्याला राहवेना, तो पावलं न वाजवता पुढे जाऊन बोळात उभा राहिला, पडले तर धरायला. बाबा मोजत आले, माझ्या पोटावर हात ठेवून वळले आणि दुसरा हात दादाच्या छातीवर टेकला.

"बबडे, हे कपाट कशाला आणलंस? वाटेत येतंय."

दादा हसू दाबत म्हणाला, "बाबा, मी आहे."

बाबांनी त्याच्या खांद्यांवरून बोटं फिरवली. "शर्ट उतरलाय डावीकडे, वाळलास. झोपत नाहीस वाटतं, माझ्या काळजीने?"

दादाने मान खाली घातली. मग तो बाजूला झाला. बाबा तांब्याला हात लावून आत गेले. भांडं वाजलं, काडी ओढली गेली, आणि जरा वेळाने तीन कप आले. एकातला थोडा बशीत सांडला होता. दादाने तो कप आपल्यासाठी उचलला आणि घर विकायचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, घर खुशाल सजवा. आजोबांचं आणा, बाजारातलं आणा, आम्हा म्हाताऱ्यांना तेलपाणी करा, आम्हाला मिरवायला आवडतं. पण एखादी वस्तू उचलण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, तिच्यावर कुणाचा हात येतो. आणि तुमच्या घरात कुणाला कमी दिसत असेल, तर खुर्ची ओढून झाल्यावर ती होती तिथे ठेवा. एवढं कराच.

बरं, पुरे आता. पावलं ऐकू येताहेत. पाच झाली. मला ताठ उभं राहायला हवं.