पाचवा पर्याय

ज्या घरातलं कुणीच बँकेच्या परीक्षेला बसलेलं नाही, असं घर आंध्रातल्या नंद्यालात शोधावं लागेल. हैमवतीच्या गल्लीत एक पापडवाली म्हातारी सोडली तर सगळेच कधी ना कधी बसले होते. आणि म्हातारीचा जावई बँकेत होता.

हैमवतीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी परीक्षेचं वय उलटणार होतं. लग्न, बाळंतपण, मुलीची दुखणी यांत आधीची वर्षं गेली होती. आता मुलगी, चिट्टी, अडीच वर्षांची झाली होती. तिला सासूच्या ओटीत टाकून हैमवती रोज सकाळी खादर सरांच्या क्लासला जाई. सासू म्हणजे रत्तम्मा, तिची सख्खी आत्या. आत्याच्या मुलाशीच तिचं लग्न झालं होतं, त्यामुळे लग्नाआधीही आत्या आणि लग्नानंतरही आत्याच.

चिट्टी बोलत नव्हती. एक अक्षर नाही. हवं ते बोटाने दाखवी, हसे, रुसे, पण तोंड उघडत नसे.

"उगादीच्या पाडव्यापर्यंत पोर बोललं नाही, तर तुझा क्लास बंद," रत्तम्माने संक्रांतीलाच सांगून ठेवलं होतं. "आईचा आवाजच कानावर पडत नाही तर ती बोलणार काय, कप्पाळ? घरी असतेस तेव्हाही नाक कागदात."

चिट्टीच्या न बोलण्याचं हैमवतीजवळही एक कारण होतं, पण ते आत्यासमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. नात्यात लग्न केलं की मुलांत दोष येतात, असं तिने कॉलेजात वाचलं होतं. आणि हे लग्न व्हावं म्हणून आपल्या भावाच्या दारात धरणं धरून बसली होती ती रत्तम्माच.

मनात हे घोळवतच ती चिट्टीवर डोळा ठेवून असे. मुद्दाम मागून टाळी वाजवी. चिट्टी वळली की जीव भांड्यात पडे. न वळली की दिवस खराब जाई. कधी वळे, कधी न वळे. मग हैमवती ताटली आपटून बघे, आणि रत्तम्मा आतून ओरडे, "भांड्यांवर कसला राग काढतेस?"

खादर सरांचा क्लास तांदळाच्या दुकानावर होता. तर्कबुद्धीच्या तासाला वर्ग गच्च भरे. नातेसंबंधांच्या प्रश्नांसाठी सरांनी सगळ्यांच्या हाताला एक पद्धत लावली होती: पुरुष असेल तर अधिक, बाई असेल तर उणे, नवरा-बायकोत दोन रेघा, भावंडांत एक, आणि मूल खाली. त्यांच्या सराव-कागदात प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असत आणि पाचवा कायम एकच: माहिती अपुरी.

एके दिवशीचा प्रश्न साधा दिसत होता. क आणि ड ही सख्खी बहीण-भाऊ. म हे क चं मूल. प ही ड ची मुलगी. ट हे म चं मूल. तर प ही ट ची कोण?

हैमवतीने क्षणात खूण केली: आई. शेजारच्या नागज्योतीनेही तेच केलं. मागच्या दोन बाकांवरही तेच होतं.

सरांनी कागद गोळा केले, चाळले आणि कपाळावर हात मारला.

"अरे, मी तुम्हाला नातं विचारलं होतं, लग्न कुणी लावलं? पेपरात मंडप आहे का? आहे का भटजी?"

वर्ग हसला.

"पण सर, म आणि प म्हणजे आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी," नागज्योती उठून म्हणाली. "मग लग्न होणारच ना?"

"तुझ्या घरी होईल, बाई. माझ्याही घरी झालंय. माझी बायको माझ्या मामाचीच मुलगी. पण पेपर काढणारा तिकडे दिल्लीकडचा. त्याच्या घरी ही दोघं भाऊ-बहीण लागतात, आपलं ऐकून तो कानाला हात लावेल. आपलं घर वर्गाबाहेर, चपलांजवळ ठेवून यायचं, किती वेळा सांगू?"

"मग उत्तर आत्या," पुढचा एक मुलगा ऐटीत म्हणाला.

"का?"

"म चं मूल ट, म ची बहीण लागते प. म्हणजे आत्या."

"म बाप्या आहे हे तुला कुणी सांगितलं? म ने? म बाई असेल तर प मावशी होईल. उत्तर पाचवं, माहिती अपुरी." सर हैमवतीकडे वळले. "हैमवती, तुझे सगळे कागद बघितले मी. आजवर एकदाही पाचव्यावर खूण नाही. त्याच्याशी भांडण आहे का?"

ती ओशाळून हसली. भांडण नव्हतं. पाचवा पर्याय तिला पळवाटेसारखा वाटे. प्रश्न आहे तर उत्तर असणारच. नसेल तर आपणच कुठेतरी कमी पडलो. चुकलेल्या खुणांचे गुण कापले जात, हे ठाऊक असूनही तिचा हात तिकडे वळत नसे.

उगादीच्या आदल्या आठवड्यात चिट्टीला कान तपासायला कर्नूलला नेलं. नवऱ्याला सिमेंट कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून रत्तम्माच बरोबर आली, पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचभाताचा, डबा आणि सगळी वाटभर तक्रार घेऊन. चिट्टीला औषध पाजून झोपवलं, कपाळाला आणि कानामागे तारा लावल्या. पडद्यावर बारीक लाटा उमटत राहिल्या. हैमवती त्यांतून काही कळतंय का ते बघत होती. रत्तम्मा हैमवतीकडे बघत होती.

तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "लग्नाआधी तुम्हा नवरा-बायकोत नातं होतं का?"

हैमवतीने सांगायला तोंड उघडलं, मग टेबलावरचा कागदच ओढला आणि काढून दाखवलं. वर एक उणे आणि एक अधिक, मध्ये एक रेघ. खाली एक अधिक, एक उणे, मध्ये दोन रेघा. त्याखाली चिट्टी.

"बँकेचा अभ्यास चाललाय वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नंद्यालच्या ना?"

"आमच्यात पिढ्यान्पिढ्या अशीच लग्नं होतात," रत्तम्मा फणकारली. "सगळे धडधाकट. आणि बोलतात तर इतके, की गप्प करावं लागतं."

"ते दिसतंच आहे." डॉक्टरबाईंनी चिट्टीचा कागद पुढे केला. "कान उत्तम आहेत हिचे. सांगितलेलं समजतंही तिला. फक्त अजून बोलत नाही."

हैमवतीने खुर्चीची कड धरली. कान उत्तम. ताटल्या, टाळ्या, सगळं त्या पोरीला ऐकू येत होतं. वळावंसं वाटेल तेव्हा ती वळत होती.

"मग बोलत का नाही?" रत्तम्माने संधी सोडली नाही. "ही रोज क्लासला जाते, म्हणूनच ना?"

"यावरून तसं म्हणता येत नाही."

"आणि..." हैमवतीचा आवाज खाली गेला, "आमच्या लग्नामुळे?"

रत्तम्माची मान गर्रकन वळली.

"नात्यातल्या लग्नात धोका थोडा वाढतो, हे खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हिचं कारण तेच आहे, असंही यावरून निघत नाही. मला आज कारण माहीत नाही. हिच्याशी खूप बोला, बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं नाव देते, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा आणा."

परतीच्या बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या. चिट्टी मध्ये झोपली होती, तोंड उघडं टाकून.

"म्हणजे इतके दिवस मनात मला दोष देत होतीस," रत्तम्मा खिडकीकडे बघत म्हणाली.

"तू तर तोंडावर देत होतीस, आत्या."

रत्तम्माने डबा उघडला. पुलिहोऱ्याचा एक घास खाल्ला, दुसरा हैमवतीपुढे धरला. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. पाण्यम गावाच्या पुढे बस वळली तेव्हा तिने आपणहून विषय काढला. "ती बाई म्हणाली, खूप बोला. कोण बोललं पाहिजे, ते सांगितलं का तिने?"

"नाही."

"आजीने बोललं तर चालत नाही, असं म्हणाली?"

"तसंही नाही म्हणाली."

"मग झालं तर."

उगादी आली आणि गेली. चिट्टीने कडुलिंब-गुळाची पच्चडी चाखून तोंड वाकडं केलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हैमवती चुलीशीच घुटमळत होती. रत्तम्माने चिट्टीला कडेवर घेतलं. "हे बघ चिंच, ही मिरची, ही तुझी आई, अजून इथेच उभी आहे." मग न वळताच म्हणाली, "आणि दुपारी आलीस की कागद मोठ्याने वाच. तेवढंच तिच्या कानावर पडेल."

क्लासात त्या दिवशी गोल टेबलाचा प्रश्न होता. आठ माणसं, कोण कुणाच्या डावीकडे. हैमवतीने अर्ध्यावरच पेन्सिल थांबवली आणि शांतपणे पाचव्या पर्यायावर खूण केली.

चुकली. माहिती पुरेशी होती. अजून दोन ओळी वाचायला हव्या होत्या.

"हैमवती," खादर सर म्हणाले, "आता सगळीकडेच पाचवा नको हं."

दुपारी ती तोच प्रश्न चिट्टीला मोठ्याने वाचून दाखवत होती, या वेळी शेवटपर्यंत. चिट्टी मांडीत बसून आईच्या ओठांकडे एकटक बघत होती.

"अगं, तिला काय कळणार त्यातलं?" रत्तम्मा आतून म्हणाली.

"सांगता येत नाही, आत्या," हैमवती म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या तिसऱ्या माणसावर बोट ठेवून पुढे वाचू लागली.