दांड्यासकट पासिंग

गॅरेजवाल्या फर्गने तपासलेली गाडी लिफ्टवरून खाली उतरवली, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "ब्रेक उत्तम, टायर उत्तम. तो दांडा तेवढा काढून आण, लगेच पास करतो."

ब्रॉनी ट्रेलोर पिवळ्या रेषेबाहेर एका रिकाम्या पिंपावर बसली होती. गिऱ्हाइकाने रेषा ओलांडायची नाही, असं फर्गने भिंतीवर ठळक रंगवून ठेवलं होतं.

"काढते की," ती म्हणाली. "मग गाडी चालवू कशाने? दातांनी?"

ब्रॉनीला उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तरुणपणी गुरांच्या मागे मोटरसायकल दामटताना तो गेला. तिच्या बापाने, क्लेमने, मग स्टिअरिंगशेजारी एक लोखंडी दांडा बसवून दिला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. पायाने दाबायची पेडलं जागच्या जागी होती, त्यामुळे इतरांनाही गाडी चालवता यायची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत, कॅथरीन गावात, दर वर्षी ही गाडी दांड्यासकट बिनबोभाट पास व्हायची, कारण क्लेमला तिथे कोण ओळखत नव्हतं? पण आता ती बहिणीजवळ राहायला दक्षिणेत एचुकाला आली होती, आणि इथल्या व्हिक्टोरिया राज्याला प्रत्येक बदलासाठी इंजिनिअरचा शिक्का हवा होता. शेतावरच्या घरांना टपाल पोचवण्याची फेरी तिला मिळाली होती. सोमवारी पासिंग करून इथला नंबर घेतलेली स्वतःची गाडी घेऊन हजर राहिली नाही, तर फेरी दुसऱ्याला जाणार होती.

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न," फर्ग म्हणाला. "सगळे तेच करतात. गाडी उंच केलेली पोरं मित्राची साधी चाकं लावून येतात, दाखला नेतात, संध्याकाळी परत आपली चढवतात. मला काय कळत नाही? त्या दिवशी समोर असेल तेवढंच मी बघतो."

"म्हणजे मला चालवता न येणारी गाडी पास, आणि येते ती नापास?"

"कायदा मी केला नाही."

"ब्रेक तपासलेस ते कसे?"

"कसे म्हणजे? चालवून. पायाने."

"मग तू तुझा पाय तपासलास. माझा हात कुणी तपासला?"

फर्गने कान खाजवला. "फार तोंडाळ आहेस गं तू."

"पाय एक कमी आहे. तोंड शाबूत आहे."

रात्रीच्या जेवणाआधी तिने बापाला फोन लावला. आता म्हातारा फर्गच्या सात पिढ्या उद्धरणार, अशी तिची खात्री होती. क्लेम म्हणाला, "मग काढ की! दोन बोल्ट तर आहेत. आमच्या जुन्या ट्रकचा सायलेन्सर मी दर पासिंगला बदलत आलो."

ब्रॉनीचं डोकंच फिरलं. "तुम्हीसुद्धा? उद्या रस्त्यावर काही झालं तर म्हणतील, हिने दांडा लपवला होता. पाय गेला तेव्हा मी लपवला नाही. अर्धी चड्डी घालून बाजारात हिंडले. हा कशाला लपवू?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तो इंजिनिअर माझं वेल्डिंग बघेल गं," क्लेम म्हणाला. "आणि हसेल."

"हसू तर दे. त्याचे दात हातात देते."

शुक्रवारी ती बेंडिगो शहरात, असा शिक्का देणाऱ्या ओझोलिन्स नावाच्या इंजिनिअरकडे गेली. वाळक्या अंगाचा म्हातारा, पण गाडीखाली असा सरपटत शिरला की ब्रॉनी बघतच राहिली. आतून हातोडीची टकटक येत राहिली. बाहेर आला तो कपाळाला ग्रीस लावून.

"फार कुरूप काम आहे," तो म्हणाला.

"माझ्या वडिलांनी केलंय ते."

"कुरूप म्हणालो. कच्चं म्हणालो नाही. पण ब्रेकच्या सळईचा नट साधा आहे, तो घट्ट धरून राहणारा हवा. आपोआप ढिला न होणारा."

"इतकी वर्षं सुटला नाही."

"सुटायला एकदाच पुरतं, बाई."

एरवी ती हमरीतुमरीवर आली असती. पण या माणसाने निदान वाकून बघितलं होतं. नट बदलला. मग तो तिला घेऊन गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर गेला. तिथे त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ब्रॉनी ओठावर वाक्य घेऊन तयारच होती. तेवढ्यात त्याने दांड्याकडे पाहिलं, दार लावलं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

"माझ्या पायाने काय कळणार? तुम्ही चालवा."

तिचं वाक्य वाया गेलं. तिने तो राग दांड्यावर काढला. गाडी अशी जागच्या जागी थांबली की ओझोलिन्सचा चष्मा काचेवर जाऊन आपटला. त्याने तो उचलून पुसला, पुन्हा दोनदा थांबवायला लावलं, आणि मग इंजिनाजवळ शिक्क्याची पट्टी ठोकली.

संध्याकाळी ती एचुकाला परतली तेव्हा फर्ग गॅरेज बंद करायच्या बेतात होता. त्याने पट्टी पाहिली, भुवया उडवल्या, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. ब्रॉनीने किल्ली दिली नाही.

"आत मीच आणणार."

"अगं, नियम आहे. विमावाले माझी हजामत करतील."

"गाडी दांड्यासकट पास करायची ना? मग तपास दांड्यासकट. आणि दांडा मी चालवते."

फर्गने भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग वैतागून पायानेच पिंप बाजूला सारलं. "ये. ये. अजून ये. हळू, बये!" पिवळी रेषा चाकांखाली गेली. ब्रेक तपासायच्या रुळांवर गाडी चढली तशी तो ओरडला, "दाब!" तिने दांडा ढकलला. फर्गने काट्याकडे वाकून बघितलं आणि दाखला लिहायला बसला.

तिने गाडीत बसूनच कॅथरीनला फोन लावला.

"हसला?" क्लेमने आधी तेच विचारलं.

"नाही. कुरूप म्हणाला."

"कुरूप?" म्हातारा खवळलाच. "घाईत केलं होतं ते, तू दवाखान्यातून यायच्या आधी! ये घेऊन, नीट करून देतो."

"हात लावायचा नाही आता, बाबा," ब्रॉनी म्हणाली. "पास झालाय."