तहानलेला मूग

वैशाखात भर दुपारी घराबाहेर पडतो तो एक तर गरजू, नाही तर खुळा, असं आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतगंजात म्हणतात. सीमंतिनीला मात्र हाच वैशाख हवा होता. वर्षभर तिने त्याची वाट पाहिली, आणि तोही असा आला की टाकीच्या पाण्याने सकाळीच हात भाजावेत. पोरगी खूश. तिची आई अनसूयाबाई म्हणायची, "जग लूच्या गरम वाऱ्याला शिव्या देतं आणि ही त्याला ओवाळायला निघालीय. काय म्हणावं हिला?"

सीमंतिनी शेतकी विद्यापीठात पीएचडी करत होती. नातेवाइकांनी विषय विचारला की ती "मूग" म्हणून सुटका करून घ्यायची. आईला मात्र तिने एकदा मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं होतं. पानातल्या हिरव्या कणांत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. हवेतला कार्बन पकडायचा आणि झाडाचं अन्न करायला घ्यायचं, हे त्याचं काम. पण ते सारखं अडकून बसतं. मग दुसरं एक विकर येतं आणि त्याला मोकळं करतं. त्या दुसऱ्याचं नाव ॲक्टिव्हेज. आता गंमत अशी, की ऊन वाढलं की आधी आडवं होतं ते हेच. सोडवणाराच पडला की अन्न शिजायचं थांबलं.

"घरोघरी तेच ग," अनसूयाबाई म्हणाली आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागली.

तर भिंडकडच्या एका खेड्यातला जुना मूग सीमंतिनीच्या हाती लागला होता. त्याच्यातलं हे विकर भलतंच चिवट असावं, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. पण प्रयोगशाळेतलं दिसणं वेगळं आणि उन्हातलं वेगळं. उन्हात सिद्ध झालं तर पैसे देणारे दिल्लीवाले पुढची तीन वर्षं काम चालू ठेवणार होते. नाही तर जूनमध्ये प्रकल्प बंद, शिष्यवृत्ती बंद, आणि चार वर्षांच्या मेहनतीला अखेरचा रामराम. हा शेवटचा उन्हाळा होता.

त्यात विद्यापीठातलं काचघर दुरुस्तीला निघालेलं. कशात काय नि फाटक्यात पाय. तिचे मार्गदर्शक दिग्विजयसिंह सर म्हणाले, "अरे, अपनी छत है ना? ग्वालियर की छत से बढ़िया भट्टी कहाँ मिलेगी?" म्हणून साधा मूग आणि जुना मूग, दोन्हींच्या कुंड्या सीमंतिनीच्या दौलतगंजातल्या गच्चीवर आल्या. कुणाच्या मनाचा कल नको, म्हणून सगळ्या सरमिसळ मांडल्या, वर फक्त आकडे. कोणता आकडा कुणाचा ते सीमंतिनीलाच ठाऊक. पाणी एक दिवसाआड, जेमतेम जगण्यापुरतं, आणि तेही तिच्याच हाताने. भरपूर पाणी मिळालं की पान ते बाहेर सोडून स्वतःला थंड ठेवतं. मग चिवट कोण आणि लेचंपेचं कोण, कळणार कसं?

कुंड्या लावून झाल्यावर ती जिन्यात थांबून म्हणाली, "आई, यांना पाणी द्यायचं नाही."

अनसूयाबाईने मान हलवली.

मागच्या वैशाखात हेच वाक्य याच मुलीच्या तोंडून तिने ऐकलं होतं. नवऱ्याच्या, विश्वासरावांच्या, पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी थेंबभर पाणीसुद्धा मना केलं होतं. ओठांना चिरा पडलेल्या, नजर सारखी उशाशी ठेवलेल्या भांड्याकडे. बोलवत नव्हतं, तर ते बोटाने भांडं दाखवायचे. अनसूयाबाई चमचा घेऊन पुढे झाली आणि सीमंतिनी म्हणाली, "आई, पाणी द्यायचं नाही." तिने चमचा ठेवून दिला. ऑपरेशनची वेळ आलीच नाही, पहाटे ते गेले. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, मुलीचंही नव्हतं. पण बाईच्या मनात तो कोरडा चमचा राहिला तो राहिलाच.

यंदा वर्षश्राद्ध झालं, अक्षय्यतृतीया झाली. तिने त्यांच्या नावाने पाण्याचा घडा दान दिला. तुळशीवर गळती टांगली, म्हणजे बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं, दिवसभर थेंब थेंब गळणारं. वैशाखात तहानलेल्याला पाणी द्यावं, ते गेलेल्याला पोचतं, असं आपल्याकडे मानतात. आणि तुळशीच्या वृंदावनापासून हातभर अंतरावर ही मुगाची रोपटी उन्हात होरपळत उभी.

इकडे सीमंतिनी रोज सकाळी मूग बघायची. साधा मूग एव्हाना माना टाकून बसायला हवा होता. पण तोही उभा, जुनाही उभा. जबलपूरहून पान तपासायचं यंत्र एकाच दिवसासाठी मागून आणलं होतं. सर स्वतः गच्चीवर आले, डोक्याला पंचा बांधून. पान चिमटीत धरलं की ते किती काम करतंय ते यंत्र सांगायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कुंड्या झाल्या. दोन्ही मुगांत फरक नाही. म्हणावा असा काहीच नाही.

सर पंच्याने मान पुसत म्हणाले, "बेटा, 'ना' भी एक नतीजा होता है। लिख देते हैं।" माणूस भला होता, पण त्याच्याही हातात काय होतं? यंत्र जबलपूरला परत गेलं. दुसऱ्या दिवशी अहवाल दिल्लीला गेला.

तिसऱ्या दिवशी सीमंतिनी गच्चीवर रोपं उपटायला गेली. पहिल्या कुंडीत हात घातला तोच मागून आई आली.

"उपटू नको ग."

"आता काय करायचंय ठेवून? सगळी सारखीच निघाली."

"सारखी कुठे आहेत?" अनसूयाबाई म्हणाली. "ही बघ ना किती मलूल व्हायची. ही पण. ती कोपऱ्यातली तर अगदी हाय खायची. मला बघवेना. तू गेलीस की दुपारी लोटाभर घालायची मी त्यांना."

सीमंतिनीच्या हातातली माती हातातच राहिली. "सगळ्यांना घालायचीस?"

"छे ग. बाकीची टवटवीत असायची, त्यांना कशाला? जी मान टाकायची त्यांनाच. ह्यांच्या नावाने."

"कोणकोणत्या, दाखव."

अनसूयाबाईने पदर खोचला आणि कुंड्यांमधून चालत बोट दाखवत गेली. ही, ही, ती पलीकडची, ही तुळशीजवळची. सीमंतिनी आकडे वाचत होती. साधा मूग. साधा. साधा. परत साधा. आई एकदाही चुकली नाही. जुन्या मुगाच्या एकाही कुंडीत तिने थेंब घातला नव्हता, कारण त्याला तो लागलाच नव्हता.

म्हणजे चार वर्षं जे सिद्ध करायचं म्हणून पोरगी जिवाचं रान करत होती ते याच गच्चीवर, याच उन्हात सिद्ध झालं होतं. आणि पुरावा काय? आईचं बोट.

तिने सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, मैं तो मान लूँगा। पर अम्मा का लोटा रिपोर्ट में कैसे लिखें?" पुन्हा प्रयोग करायचा तर पुढचा उन्हाळा हवा, आणि पुढच्या उन्हाळ्याला ना पैसे होते, ना यंत्र, ना ती विद्यापीठात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रागवावं तर कुणावर? आणि रडावं तर आई विचारणार, का रडतेस.

आईने विचारलंच. "माझं काही चुकलं का ग?"

"नाही."

"तेव्हा तू नाही म्हणालीस, मी ऐकलं. या वेळी नाही ग राहवलं."

सीमंतिनीने मान खाली घातली. वर्षभर दोघींनी हा विषय एकमेकींसमोर काढला नव्हता.

"मग आता घालू ना पाणी?" अनसूयाबाईने विचारलं.

"घाल. सगळ्यांना घाल."

अनसूयाबाई खालून माठातलं पाणी घेऊन आली. पण कुंड्यांकडे जायच्या आधी तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि लोटा तिच्यापुढे धरला. "आधी तू पी. सकाळपासून तशीच आहेस, ओठ बघ कसे सुकलेत."

सीमंतिनीने लोटा तोंडाला लावला. पाणी गार होतं, वाळ्याचा वास होता. आई समोर उभी राहून बघत होती. पण एका घोटावर तिने लोटा खाली घेतला आणि उरलेलं पाणी कोपऱ्यातल्या त्या कुंडीत ओतलं.